एकाच नावेतील माणसे



‘आपण सारे एकाच नावेतले प्रवासी’ हे वाक्य आपल्या वक्त्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कुणास वाटत नाही. मी आयुष्यभर मराठी शिकविली. म्हणून शब्द तपासण्याची सवय जडली आहे. नाव एक असली, तरी तिच्यात वल्हे कोणी मारावे आणि सुकाणू कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न उरतोच. हा प्रश्न जिच्यावर प्रत्यक्ष सोडविला गेला, अशा एका नौकेचे चरित्र आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

१९३१ साली जर्मनीतील कील येथे, क्रुपच्या गोदीत, चार डोलकाठ्यांची एक भव्य विहारनौका बांधली गेली. मार्जोरी मेरिवेदर पोस्ट आणि त्यांचे पती ई. एफ. हटन या अमेरिकन धनिक दांपत्याची ती हौस होती. आत संगमरवरी स्नानगृहे होती. पुढे घटस्फोटानंतर ती मार्जोरीबाईंकडे राहिली आणि ‘सी क्लाउड’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९४२ साली जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत येऊन जहाजे बुडवू लागल्या. गस्तीसाठी जहाजे अपुरी होती. तेव्हा वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने ही नौका अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे आली. डोलकाठ्या उतरल्या, पांढऱ्या रंगाच्या जागी करडा रंग आला, तोफा बसल्या. उत्तर अटलांटिकमध्ये हवामानाची नोंद घेत गस्त घालणे, हे तिचे काम ठरले.

परंतु तिचे खरे कार्य पुढेच होते. त्या काळी अमेरिकी आरमारात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला बहुधा वाढपी आणि आचारी यांचेच काम येई. कार्लटन स्किनर या तरुण अधिकाऱ्याने आधीच्या जहाजावर पाहिले होते की, इंजिनाच्या कामात तरबेज असलेल्या एका कृष्णवर्णीय वाढप्याच्या बढतीआड केवळ त्याचा वर्ण येत होता. गुण वाया घालविणे युद्धकाळात परवडणारे नाही, असे वरिष्ठांना पटवून त्यांनी सर्व वर्णांच्या खलाशांना एकाच जहाजावर, सर्व कामांत घेण्याची परवानगी मिळविली. १९४३ च्या अखेरीस ते ‘सी क्लाउड’वर आले आणि लवकरच तिचे कप्तान झाले. एकूण १७३ जणांच्या तांड्यात चार कृष्णवर्णीय अधिकारी आणि सुमारे पन्नास कृष्णवर्णीय खलाशी होते. प्रसिद्ध चित्रकार जेकब लॉरेन्स हेही या नौकेवर होते.

स्किनरांनी व्याख्याने दिली नाहीत. पहारा, इंजिन, भोजन, झोपण्याची जागा, सारे एकत्र ठेवले. आरमाराच्या दोन तपासण्यांत नौका निर्दोष ठरली. वर्णावरून तंटा झाला नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये नौकेची लष्करी सेवा संपली. सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला, तो २६ जुलै १९४८ रोजी. नौका पुढे डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याच्याकडे गेली, आणि १९७९ पासून ती पर्यटकांना घेऊन फिरू लागली.

मित्रहो, एका पंगतीला बसविणे सोपे; एका कामाला समान अधिकाराने जुंपणे कठीण. शाळा हीदेखील एक नौकाच आहे. कोणत्या मुलाच्या हाती आपण केवळ वाढपी देतो आणि कोणाच्या हाती सुकाणू, हे प्रत्येक शिक्षकाने रोज तपासावे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना याहून चांगली आदरांजली मला सुचत नाही.