मालक नसलेली साखळी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॅन एव्हिन्स यांनी 1969 मध्ये हमरस्त्यालगत गावाकडच्या जेवणाचं एक हॉटेल काढलं, क्रॅकर बॅरल. ते पेट्रोल विकण्याच्या धंद्यात होते. जेवायला थांबलेली गाडी पेट्रोलही भरेल, असा त्यांचा हिशेब. पुढे पेट्रोल बंद झालं, जेवण मात्र शेकडो शाखांत पोचलं.

लातूर जिल्ह्यातल्या मुरुड परिसरातल्या प्रवाशांना अशी गावरान चव नवी नाही. या जिल्ह्यात तर अशा चवीची साखळी कंपनीशिवायच पसरली.

निलंगा राईसचंच बघा. हळदीचा पिवळाधमक, झणझणीत भात. निलंग्याच्या हातगाड्यांवरचा हा पदार्थ लातूर ओलांडून पुण्यापर्यंत गेला. प्रत्येक गाडा वेगळ्या माणसाचा, पाटीवर नाव मात्र गावाचं! ना मुख्य कार्यालय, ना जाहिरात. मोठमोठ्या कंपन्यांना हेवा वाटावा असंच हे यश आहे.

औसा ते तुळजापूर रस्त्यावरच्या उजनीची गोष्ट उलटी. तिथं पदार्थ गावातच राहिला आणि गाड्या त्याच्यासाठी थांबू लागल्या. तो पदार्थ म्हणजे बासुंदी. दूध मंद आचेवर सतत ढवळत आटवायचं, कडेची साय पुन्हा दुधात मोडायची. घाई केली की दूध तळाला लागतं.

या चवीमागे इथली शेती आहे. जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या तिन्हींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बोरसुरी आणि पानचिंचोली, दोन्ही गावं निलंगा तालुक्यातलीच.