उपचार संपले, तरी काख तपासा

आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

आमच्या गटातल्या एका काकूंचं ३ वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो झाली, शेक झाले. केस परत आले, काकू शेतात जायला लागल्या. आम्ही म्हटलं, सुटल्या बाई.

गेल्या पावसाळ्यात अंघोळ करताना त्यांच्या काखेत हरभऱ्याएवढी गाठ लागली. काखमांजरी असेल म्हणून त्यांनी हळद लावली, कुणाला बोलल्या नाहीत. दोन महिने गेले. त्या दोन्ही बैठकांना आल्या, हप्ता भरला, मी वहीत सही घेतली. "काकू, तपासणीला कधी जायचंय?" एवढं मात्र विचारलं नाही. शेवटी सुनेनं त्यांना दवाखान्यात नेलं. सुई घालून गाठ तपासली. आजार काखेत परतला होता.

असं का होतं? स्तनातून निघणारा पाझर काखेतल्या बारीक गाठींमधून जातो. उपचारानंतरही तिथं कॅन्सरच्या पेशी उरल्या, तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी वाढतात. यात बाईचा दोष नसतो.

काखमांजरी ठणकते. ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून फसायला होतं. काखेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

ज्यांचे उपचार झालेत त्यांनी महिन्यातून एकदा हात सैल सोडून दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी काख खोलवर चाचपावी. ऑपरेशनचा व्रण आणि गळ्याजवळच्या हाडाच्या वरची जागाही बघावी. गाठ लागली किंवा हात सुजला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पहिली काही वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी असते, ती चुकवू नका. रोजची गोळी दिली असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि जुनी फाईल बरोबर न्या.

काकूंच्या काखेचं ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. परवाच्या बैठकीला त्या आल्या होत्या. आता आमच्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी त्यांच्या तपासणीची तारीख असते. तुमच्या गटातही अशी एखादी मैत्रीण असेल. या बैठकीत तिला तारीख विचारा, आणि सोबत कोण जाणार तेही ठरवा.