पित्ताशयातील खडे आणि चिनी औषध



"सुया टोचून घेतल्या म्हणजे पित्ताचा खडा विरघळतो का हो?" असे अलीकडे तीन-चारजणींनी विचारले, म्हणून हाच विषय घेतला.

यकृताखाली पित्ताची लहानशी पिशवी असते. तेलातुपाचे जेवण झाले की ती आकसते व पित्त आतड्यात सोडते. त्या पित्तात कोलेस्टेरॉल फार झाले की, पाकात खडीसाखर धरावी तसे खडे धरतात. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. बाळंतपणांनी तो वाढतो. आपण मात्र लग्नाचे जेवून आल्यावर उजव्या बरगडीखाली कळ उठली, की 'पित्त झाले' म्हणून ओवा चावतो आणि भांडी घासायला बसतो! कुळथाचे कढण तर घरोघर. पण ते सांगतात मूतखड्यासाठी. पित्ताशयाची वाटच वेगळी. कितीही पाणी प्यालो तरी तेथला खडा लघवीवाटे पडत नाही.

आता चीनकडे वळू. आपल्या परळच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू यांनी पुढे सुईचिकित्सा इकडे आणली. कोटणिसांचे नाव निघाले की आपला ऊर भरून येतो. पण ते स्वतः शस्त्रवैद्य होते, हे विसरू नये.

सुयांनी कळ काहीशी शमते असा काहींचा अनुभव आहे. खडा मात्र जागचा हलत नाही. चिनी वैद्य 'सोनेरी नाण्यांचे गवत' नावाची वनस्पतीही देतात. तिनेही खडे जातात हे मोठ्या, काटेकोर चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

एक गोष्ट मात्र खरोखरच चीनकडून आली. तेथले वैद्य हजाराहून अधिक वर्षे अस्वलाचे पित्त देत. त्यातील एक आम्ल १९२७ साली जपानात शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले. आज ते कारखान्यात बनते, अस्वलाला त्रास द्यावा लागत नाही, आणि आपले डॉक्टरही 'उर्सोडिऑक्सिकोलिक' आम्लाच्या गोळ्या लिहून देतात. परंतु चुना न धरलेले बारीक खडेच त्याने विरघळतात. तेही सहा महिने ते दोन वर्षे नेमाने गोळ्या घेतल्या तर. गोळ्या थांबल्या की पुष्कळदा खडे पुन्हा धरतात.

शस्त्रक्रियेचे भय आपल्या सासवांच्या काळचे आहे. तेव्हा पोटावर वीतभर छेद असे. १९९० साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, भारतात प्रथमच. आता चार बारीक छिद्रे पुरतात, आणि बहुतेकजणी एक-दोन दिवसांत घरी येतात. पिशवीवाचून जेवण पचते.

पण डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, किंवा कळ तासन्‌तास थांबेना, तर खडा नळीत अडकला असण्याचा संभव असतो. स्वादुपिंडही सुजते. अशा वेळी सुई नको, काढा नको, उद्याचा हळदीकुंकवाचा समारंभ आटोपू देणेही नको. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

उलट, सोनोग्राफीत सहज खडा दिसला आणि कसलाच त्रास नसला, तर बहुधा काहीच करावे लागत नाही. तो कागद मात्र जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.