मिठी मारणारा आणि सोडवणारा



वसंत व्याख्यानमालेत मुष्टियुद्धावर बोलायचे ठरले, तेव्हा काही मंडळींनी आम्हांला काळजीच्या स्वरात विचारले, “अहो, त्यात बोलण्यासारखे आहे तरी काय? दोघे उभे राहतात, ठोसे मारतात, एक पडतो.” दोघेही ठोसे मारतात तेव्हा बोलण्यासारखे फारसे नसते, हे आम्हांलाही मान्य आहे. पण एक मारायला येतो आणि दुसरा त्याला मिठी मारून बसतो, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. आजचे आमचे बोलणे त्या मिठीविषयी आणि ती सोडवणाऱ्या पंचाविषयी आहे.

नाहूरकरांना हा प्रकार अगदीच नवा नाही. सकाळच्या लोकलमध्ये दारातला दांडा धरून उभा राहिलेला एक गृहस्थ आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आत सरकत नाही, उतरत नाही आणि कोणाला चढूही देत नाही. त्याने कोणाला धक्का मारलेला नसतो. विचारले तर म्हणतो, “मी काय केले?” खरेच, त्याने काहीच केलेले नसते; पण मागच्या दहा जणांची गाडी चुकलेली असते. काहीच न करण्याने दुसऱ्याचे नुकसान करणारा हा जो मनुष्य, तोच मुष्टियुद्धाच्या रिंगणातला आपला आजचा नायक.

पूर्वीच्या उघड्या मुठींच्या लढतींत प्रतिस्पर्ध्याला धरून खाली आपटण्याची मुभा होती. १८६७ साली क्वीन्सबेरीच्या सरदाराच्या नावाने नवे नियम प्रसिद्ध झाले. ते तयार केले होते जॉन ग्रॅहम चेंबर्स या गृहस्थाने. हातमोजे आले, तीन मिनिटांच्या फेऱ्या आल्या, आणि कुस्ती व मिठी या दोहोंना बंदी झाली. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ मिठी मारणे नियमबाह्य आहे. आणि तितकाच काळ ती मारली जात आहे!

याचे कारण असे की, थोडी मिठी सर्वांनाच हवी असते. जबर ठोसा बसून ज्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तो समोरच्याला धरून चार श्वास घेतो. पंच ‘ब्रेक’ म्हणतो, दोघे एक पाऊल मागे सरतात आणि लढत पुढे चालू होते. एवढ्यावर कोणी रागावत नाही. पण धरणे हेच ज्याचे धोरण झाले, तेथे ती मिठी अतिरेकी ठरते. प्रतिस्पर्ध्याने हात उचलला की धर, जवळ आला की धर, सोडवले की पुन्हा धर. याखेरीज एका हाताने मान पकडून दुसऱ्याने मारणे, किंवा त्याच्या मानेवर आपला सारा भार टाकणे, हे तर उघडच गुन्हे.

हा रोग हेवीवेट गटात अधिक दिसतो, त्याला कारण आहे. साधारण ९१ किलोच्या पुढे या गटात वजनाला वरची मर्यादाच नाही. एवढे धूड तीन मिनिटे पायांवर नाचवणे कष्टाचे असते. चार-पाच फेऱ्यांनंतर मांड्या भरून येतात. अशा वेळी शंभर-सव्वाशे किलोचा उंच माणूस बुटक्याच्या मानेवर रेलला, म्हणजे त्याला विसावा मिळतो आणि खालच्याच्या पाठीचे, पायांचे बळ सांडते. विश्रांती एकाची आणि खर्च दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे!

पंचाच्या हाती उपाय चढत्या क्रमाने आहेत. प्रथम तोंडी समज, मग ताकीद, मग गुणकपात आणि शेवटी बाद करणे. गुणकपातीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. व्यावसायिक लढतीत फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९ गुण मिळतात. फेरी जिंकणाऱ्याचाच एक गुण कापला, तर ९–९ अशी बरोबरी होते. तीन मिनिटांची कमाई पंचाच्या एका बोटाने पुसली जाते. म्हणूनच ते बोट उचलताना पंचाचा हात जड होतो. किती मिठ्या म्हणजे अतिरेक, हा आकडा त्याला कोणी दिलेला नाही. आणि देऊही नये. पाच मिठ्या माफ असे लिहिले, तर प्रत्येक जण मोजून पाच मारील.

आता दाखले पाहू. १२ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात लेनॉक्स लुईस आणि हेन्री अकिनवांडे यांची जागतिक विजेतेपदाची लढत झाली. अकिनवांडे दोन मीटर उंचीचा, तोवर अपराजित. पण लुईसचे पहिले ठोसे बसले आणि त्याने जे धरले ते सोडलेच नाही. पंच होते मिल्स लेन, व्यवसायाने न्यायाधीश. त्यांनी दुसऱ्याच फेरीत एक गुण कापला, पुन:पुन्हा बजावले आणि पाचव्या फेरीत अकिनवांडेला बाद केले. जागतिक विजेतेपदाची लढत निव्वळ मिठीपायी संपावी, हे दुर्मीळच. दोनच आठवड्यांपूर्वी, होलिफील्डचा कान चावणाऱ्या टायसनलाही याच लेननी बाद केले होते. कान चावणारा आणि मिठी मारणारा या दोघांना एकाच पंचाने एकच शिक्षा द्यावी, हे काहींना विचित्र वाटेल. आम्हांला त्यात न्याय दिसतो. पहिल्याने रागाच्या भरात खेळ मोडला, दुसऱ्याने खेळ होऊच दिला नाही.

याच्या उलट दाखला थोरांचा आहे. २८ जानेवारी १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये महंमद अली आणि जो फ्रेझियर दुसऱ्यांदा भिडले. अली डाव्या हाताने फ्रेझियरची मान मागून धरी आणि खाली दाबी. फ्रेझियरचे वस्ताद एडी फच यांनी मागाहून चित्रफीत पाहून मोजदाद केली. ते म्हणत, १३३ वेळा धरले! पंच टोनी पेरेझ यांनी एकही गुण कापला नाही आणि अलीला निर्णयाने विजय मिळाला. पुढे १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात तिसरी लढत ठरली, तेव्हा पंच कोण असावा यासाठीच फच आधी झगडले. कार्लोस पॅडिला या फिलिपिनो पंचाने सुरुवातीच्या फेऱ्यांतच अलीचा धरणारा हात झटकून टाकला. परिणाम काय झाला? दोघांनाही लढावे लागले. चौदा फेऱ्यांनंतर फच यांनी आपल्या मल्लाला थांबवले. विजय अलीचाच झाला. पण पन्नास वर्षांनीही लोक मनिलाची लढत आठवतात. पंचाने हात झटकला तो अलीचा. त्याने अलीचे नुकसान मुळीच झाले नाही.

वेळेचेही महत्त्व आहे. २०१३ साली मॉस्कोत व्लादिमिर क्लिच्कोने पोवेत्किनला रात्रभर धरले, ढकलले, त्याच्या मानेवर तो रेलला. पंचाने गुण कापला तो अकराव्या फेरीत. शेवटी तिन्ही परीक्षकांचे गुण ११९–१०४! पंधरा गुणांनी पुढे असलेल्याचा एक गुण कापणे म्हणजे दिवाळखोरी जाहीर झाल्यावर उधारी बंद करण्यासारखे आहे. मात्र घाई हेही उत्तर नव्हे. २००२ साली लुईस–टायसन लढतीत चौथ्या फेरीतच ढकलण्याबद्दल लुईसचा गुण कापला गेला, तेव्हा तो जादा कडकपणा अनेकांना खटकला. बुटका मल्ल डोके खाली घालून आत घुसला, तर मिठीचा दोष कोणाचा, हे ठरवणे सोपे नसते.

हे सारे परदेशचे झाले. पण आपल्या तांबड्या मातीला याची ओळख नाही का? कुस्ती म्हणजे धरणेच. तरी मैदानात जोडी नुसतीच खडाखडी करू लागली की प्रेक्षक ओरडू लागतात, आणि पंच दोघांना निकाली कुस्ती करण्याची तंबी देतात. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला आपला गामा पोलंडच्या झबिस्कोशी लढला. वजनाने भारी झबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा धरायची होती, त्या दिवशी झबिस्को फिरकलाच नाही. गामाला न्याय मिळाला तो १९२८ साली पतियाळात, आणि तोही मिनिटाच्या आत! आजच्या गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत हे चालत नाही. निष्क्रिय मल्लाला समज मिळते, मग तीस सेकंदांची मुदत. तेवढ्यात त्याने गुण मिळवला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण.

पण नियम पुस्तकात असून भागत नाही. १९५२ साली हेलसिंकीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना, जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर, लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो बजावून सांगणारा आपला अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. नियम पाळला गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

आता एक कबुली. तरुणपणी आम्ही याच परिसरात एका कबड्डी सामन्यात पंच होतो. एक संघ तीन गुणांनी पुढे होता. शेवटच्या मिनिटांत त्याचे चढाईपटू निदानरेषा ओलांडत आणि कोणाच्या जवळही न जाता परतत. आम्हांला दिसत होते, समज द्यावी असेही वाटत होते. पण पुढे असलेला संघ यजमान मंडळाचा, आणि रेषेबाहेर उभी माणसे रोजच्या ओळखीची. आम्ही शिट्टी तोंडात धरून गप्प राहिलो. सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा एक पोरगा जवळ आला आणि म्हणाला, “पंच, तुम्ही काहीच चुकीचे दिले नाही.” त्याने टोमणा मारला की खरेच तसे म्हटले, हे आम्हांला आजही कळलेले नाही. ते वाक्य मात्र विसरता आलेले नाही. आज प्रो कबड्डीत दोन रित्या चढायांनंतर तिसरी निर्णायक असते. गुण आणा, नाहीतर बाद व्हा. हा नियम पाहिला की आम्हांला तो पोरगा आठवतो.

पंचाची भीती खोटी नसते. २०२५ साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी निकालावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. तरीही पंच गप्प बसला म्हणजे तटस्थ राहिला, असे होत नाही. एकाने दुसऱ्याला धरून ठेवले असता पंच गप्प राहिला, तर तो धरणाऱ्याच्या बाजूचा होतो. दुसऱ्या फेरीत दिलेली समज ही दया असते. अकराव्या फेरीतली शिक्षा ही नुसती नोंद.

आपल्यापैकी कोणी सोसायटीच्या सभेत अध्यक्ष असेल, कोणी शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा असेल, कोणी घरातल्या दोन भावांच्या वाटणीत मध्यस्थ असेल. कागद दाबून ठेवणारा, तारीख पुढे ढकलणारा, “मी काय केले?” असे विचारणारा मनुष्य तेथेही भेटेल. त्याला वेळेवर, शांतपणे ‘ब्रेक’ म्हणावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आणि व्याख्यात्यानेही श्रोत्यांना फार वेळ धरून ठेवू नये, हा नियम स्मरून आम्ही आपली रजा घेतो.