इंग्रजीची गाळलेली अक्षरे आणि आपली पोरं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी धम्मावर आणि चळवळीवर भाषणं होतात. यंदा समितीनं आम्हा अभ्यासवर्गाच्या कार्यकर्त्यांना वेगळं काम दिलं. रविवारी वंदना झाल्यावर पोरं वाचनालयात बसून रिकाम्या चौकोनांची कोडी सोडवतात. ते काय चाललंय, हा वेळेचा चाळा आहे की अभ्यास, असं काही पालकांनी विचारलं. विचारलं ते बरोबरच केलं. पोरगं काय शिकतंय हे आईबापाला कळलंच पाहिजे. म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

परदेशातल्या विद्यापीठात शिकायचं तर बहुतेक ठिकाणी इंग्रजी येतं याचा दाखला लागतो. त्यासाठी परीक्षा असतात. आयल्ट्स, टोफेल ही नावं तुमच्या कानावर असतील. अलीकडे ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षाही बरीच विद्यापीठं मान्य करतात. ती घरी बसून संगणकावर देता येते. या परीक्षेत एक परिच्छेद येतो. त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण असतं. मधल्या वाक्यांतल्या बऱ्याच शब्दांची मागची अर्धी अक्षरं काढून टाकलेली असतात आणि तितके चौकोन रिकामे ठेवलेले असतात. ते भरायला तीन मिनिटं मिळतात. जानेवारी २०२६ पासून टोफेलमध्येही शब्दांची गाळलेली अक्षरं भरण्याचा प्रश्न आला आहे. म्हणजे हे कोडं आता टाळता येण्यासारखं राहिलेलं नाही.

ही पद्धत आली कुठून? १९५३ साली विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं मजकुरातले ठराविक शब्द गाळून वाचकाला ते ओळखायला लावण्याची रीत मांडली. तिला क्लोझ म्हणतात. १९८१ साली जर्मनीतल्या राट्झ आणि क्लाइन-ब्रेली या दोघांनी त्यात बदल केला. सबंध शब्द गाळण्याऐवजी शब्दाचा मागचा अर्धा भाग गाळायचा. त्याला सी-टेस्ट नाव पडलं. त्यामागचा विचार साधा आहे. ज्याला भाषा येते, त्याला मजकूर थोडा फाटला तरी वाचता येतो. आपल्या गल्लीतलं जुनं पोस्टर पावसानं अर्धं धुऊन जातं. 'दीक्षा' एवढंच उरलं आणि बाजूला १४ ऑक्टोबर दिसलं, की पुढे 'भूमी' आहे हे आपल्या लहान पोरालाही कळतं. वंदना म्हणताना कोणी मध्येच अडखळलं, तर पुढचा शब्द दहा जणांच्या तोंडून येतो. का येतो? लहानपणापासून कानावर आहे म्हणून.

आता इथंच मेख आहे. इंग्रजी आपल्या घरात कानावर पडत नाही. ज्याच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी पेपर येतो, त्याच्या पोराचा हात आपोआप त्या चौकोनावर जातो. आपलं पोरगं तिथं थांबतं, घाबरतं, आणि आपल्याला डोकंच नाही असं धरून बसतं. बंधू-भगिनींनो, हा डोक्याचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. सवय लावता येते.

काही क्लासवाले पाच-पाच हजार शब्दांच्या याद्या विकतात. पोरं त्या पाठ करतात. पण यादीतला शब्द एकटा असतो आणि परीक्षेतला शब्द वाक्यात असतो. एकच दाखला देतो. समजा एस, टी, यू, डी अशी चार अक्षरं दिसतात आणि पुढे चार चौकोन आहेत. शब्द कोणता? 'स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थी बसतो. 'स्टडिइंग' म्हणजे शिकत असणं, तोही बसतो. 'स्टुडियस' म्हणजे अभ्यासू, तोसुद्धा बसतो! तिन्ही आठ अक्षरांचे, तिन्हींची पहिली चार अक्षरं तीच. यादी पाठ असणारा इथं अडकतो. वाक्य वाचणारा मागे बघतो. मागे 'मेनी' म्हणजे पुष्कळ असेल, तर विद्यार्थी. मागे 'इज' आणि पुढे 'लॉ' असेल, तर ती कायदा शिकते आहे. मागे 'अ' आणि पुढे 'गर्ल' असेल, तर अभ्यासू मुलगी.

भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. एकटं, स्वतंत्र असं काही नसतं, हे असतं म्हणून ते असतं. आम्ही पोरांना सांगतो, शब्दाचंही तसंच आहे. शेजारच्या शब्दांमुळं तो ठरतो. गिरणीत साच्यावर धागा तुटला की कामगार दोन्हीकडची टोकं शोधतो, मगच जोडतो. एकच टोक धरून धागा जोडता येत नाही.

मग सराव कसा करायचा? आम्ही वर्गात ठरवलेली रीत सांगतो. पालकांनी लक्षात ठेवावी.

पहिलं, पेन्सिल खाली ठेवून पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण वाचायचं. विषय शेतीचा आहे की समुद्राचा, गोष्ट होऊन गेलेली आहे की आजची, हे तिथं कळतं. दुसरं, खात्रीचे शब्द आधी भरायचे. अडलेल्या शब्दापाशी बसून राहायचं नाही. तिसरं, बारक्या शब्दांना कमी लेखायचं नाही. आय आणि एक चौकोन, एवढ्यात इंग्रजीचे चार शब्द बसतात : इज, इन, इट, इफ. मोठा शब्द येतो आणि इथंच गुण जातात. चौथं, चौकोन मोजायचे. टी, एच, ओ नंतर तीन चौकोन असतील तर 'दो' म्हणजे 'जरी'. चार असतील तर 'थॉट' म्हणजे 'विचार'. आपला कामगारांचा 'लेबर' शब्द घ्या. ब्रिटिश रीतीनं त्यात यू येतो आणि अक्षरं सहा होतात, अमेरिकन रीतीनं पाचच. आपल्या शाळेत ब्रिटिश रीत शिकवतात, परीक्षा अमेरिकन कंपनीची. तिथं चौकोनच खरं सांगतात. पाचवं, सगळं भरून झाल्यावर पुन्हा वाचायचं. अनेकवचनाचा एस राहिला का, भूतकाळाचा ईडी राहिला का, ते बघायचं.

अवघड शब्दांसाठी वही करायची, पण ती कुटुंबाची वही. 'एज्युकेट' लिहिलं की त्याच पानावर 'एज्युकेशन', 'एज्युकेशनल', 'एज्युकेटेड' लिहायचे. शेवटी 'शन' आलं की बहुधा नाम, 'ली' आलं की बहुधा क्रियाविशेषण. एका शब्दाबरोबर चार शब्द घरात येतात. आणि शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य शेजारी उतरवायचं, नाहीतर ती पुन्हा यादीच होईल.

आता आईबापांचं काम. कोणी म्हणेल, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार? ऐका. इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद पोरानं एक दिवस आधी वहीत उतरवावा, मधल्या वाक्यांत एक सोडून एक शब्द अर्धा ठेवावा. पेपरचं कात्रण आईकडे द्यावं. दुसऱ्या दिवशी पोरानं चौकोन भरावेत. आईनं घड्याळ धरावं आणि कात्रणाशी अक्षराला अक्षर जुळवून बघावं. अर्थ कळायची गरज नाही, आकार जुळले की पुरे. पहिले पंधरा दिवस घड्याळ नको, नुसतं बरोबर येऊ द्या. नंतर पाच मिनिटं, मग चार, मग तीन. याला खर्च एका पेपरचा.

बाबासाहेबांचं इंग्रजी आकाशातून पडलेलं नव्हतं. सुभेदार रामजींनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला मुलाकडून पक्क्या करून घेतल्या होत्या. त्या पायावर १९०७ साली मॅट्रिक झाली, आणि १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. बाप शेजारी बसला होता, हे विसरू नका.

आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. पण शिष्यवृत्तीच्या आधी प्रवेश लागतो आणि प्रवेशाला बहुतेक वेळा इंग्रजीचा दाखला लागतो. म्हणजे त्या अर्ध्या शब्दांपाशी पोरगं अडलं, तर पुढचा सगळा हक्क कागदावर राहतो. म्हणून आम्ही या चौकोनांच्या मागे लागलो आहोत. कोणतं विद्यापीठ कोणती परीक्षा मानतं आणि किती गुण मागतं, हे फी भरण्याआधी त्या विद्यापीठाकडूनच पाहून घ्या. परीक्षेचे नियमही बदलत असतात. ड्युओलिंगोची सराव चाचणी मोफत असते, ती आधी देऊन बघा. पासपोर्ट वेळेत काढून ठेवा.

शेवटचं मागणं समितीकडे आणि तुम्हा सर्वांकडे आहे. घरून द्यायच्या परीक्षेत मुलानं खोलीत एकटं असावं लागतं. कॅमेरा चालू असतो. दुसरं कोणी खोलीत आलं, नजर सारखी इकडेतिकडे गेली, तर परीक्षा बाद ठरू शकते. आपली घरं एका खोलीची. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत टीव्ही, आजारी आजी तिथंच झोपलेली. बंगल्यातल्या पोराला ही अट वाटतच नाही, आपल्या पोराला मात्र तीच अट आडवी येते. तेव्हा ज्या दिवशी वस्तीतल्या मुलाची परीक्षा असेल, त्या दिवशी दोन तास विहाराचं वाचनालय त्याला कुलूपासकट द्यावं. दोन तास भोंगा बंद ठेवावा. गल्लीतल्या मंडळांनाही आम्ही हात जोडून सांगू. एका पोरासाठी सगळी वस्ती दोन तास गप्प बसली, तर तीही एक वंदनाच आहे असं आम्ही मानतो.

समितीनं हा ठराव आजच मांडावा, आणि पालकांनी येत्या रविवारी पोराबरोबर स्वतःही यावं, अशी विनंती करून आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!