संत्र्याच्या जखमेवर यीस्टचा पहारा



आंबिया बहाराची संत्री आता तोडणीला येतील. आपल्यातल्या कितीतरी जणी फळं निवडायला, पेट्या भरायला जातात. काही गट स्वतः विक्रीही करतात. पेटीत एक फळ सडलं की शेजारची फळंही सडू लागतात, आणि व्यापारी अख्ख्या पेटीचा भाव पाडतो.

ही सड बहुतेक वेळा हिरव्या किंवा निळ्या बुरशीची असते. तिचे बारीक कण हवेत, पेटीत, आपल्या हातांवरही असतात. पण धड सालीतून तिला सहसा आत जाता येत नाही. नखाचा ओरखडा, काट्याची टोच, फळ आपटल्याची चीर, तिथून ती शिरते.

शास्त्रज्ञांनी याच जखमेवर राखणदार बसवला. फळांच्या सालीवर काही निरुपद्रवी यीस्ट मुळातच राहतात. त्यातलं निवडक यीस्ट वाढवून, पाण्यात मिसळून तोडलेल्या फळांना लावतात. ते जखमेत भराभर वाढतं आणि तिथलं अन्न आधीच खाऊन टाकतं. एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच! मागून आलेल्या बुरशीला जागाही नाही, खायलाही नाही. अमेरिकेत 1995 साली लिंबूवर्गीय फळं आणि सफरचंदांसाठी असं यीस्ट विक्रीला आलं. इस्रायलमध्येही एक तयार झालं.

पण बुरशी आत रुजली असेल, तर यीस्ट ते फळ वाचवू शकत नाही. म्हणून ते तोडणीनंतर लवकर लावावं लागतं. ते जिवंत असतं, उन्हात ठेवलं तर मरतं. आणि पावाचं यीस्ट इथे वापरू नका, ते या कामाचं नाही.

असं औषध कुणी विकायला आणलं, तर डब्यावर नोंदणी क्रमांक, पिकाचं नाव आणि मुदत बघा. कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मग एकाच पेटीवर वापरा, दुसरी तशीच ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. गटाचे पैसे त्यानंतरच घाला.

बिनखर्चाचं काम मात्र उद्यापासूनच करता येईल. नखं कापा. दव सुकल्यावर तोडणी करा. फळ ओढू नका, कात्रीनं देठ फळालगत कापा. लांब देठ शेजारच्या फळाला टोचतो. फळ टाकू नका, अलगद ठेवा. सडकं फळ दिसताच बाजूला काढा आणि लांब नेऊन पुरा.

जखमच नसेल, तर बुरशी शिरणार कुठून? येत्या बैठकीत यावर जरूर बोला.