चार शुभवर्तमानांची साक्ष

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी आगगाडी तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके मागे टाकीत दरेकशाच्या डोंगरातून बाहेर पडते आणि डोंगरगडावरून राजनांदगावास पोहोचते. आज गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा आहे; त्या काळी हा सारा मुलूख मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. इ. स. १८९३ च्या सुमारास या मार्गाने तिशी नुकतीच ओलांडलेला एक मराठी कवी राजनांदगाव संस्थानाकडे निघाला होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरा गृहस्थ सहप्रवासी होता. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले व धर्मावर आले. निरोप घेण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली, आणि हे पुस्तक मन लावून वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांस ते भाकीत मुळीच पटले नाही. परंतु वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते व ते पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले आणि तेथेच अडकले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या गोष्टीची किंमत काय पडली हे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांस सांगावयास नको. घर मोडले, पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली, आप्तइष्ट दुरावले. एवढे मोल देऊन घेतलेली वस्तू खरी होती की खोटी, हा प्रश्न आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कोणी म्हणेल, टिळक कवी होते. उपदेश सुंदर वाटला, मन गेले. त्यात खरेखोटे पाहावयाचे काय? परंतु ख्रिस्ती धर्माची इमारत केवळ सुंदर उपदेशावर उभी नाही. अमुक एक मनुष्य अमुक सुभेदाराच्या अमलात क्रुसावर मारला गेला व तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असे हा धर्म म्हणतो. ही घडलेल्या गोष्टीविषयीची विधाने आहेत. ती खोटी असतील तर आमचा विश्वास व्यर्थ होय, अशी स्पष्ट कबुली खुद्द पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात देऊन ठेविली आहे. तेव्हा माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसास या प्रश्नाला बगल देऊन जाता येत नाही.

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबईस डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांची खडाजंगी झाली. १८५७ च्या आरंभी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी पाद्र्यांशी जाहीर वाद घातले. लोक गर्दी करून ऐकावयास जात. मला मात्र वाटते की त्या वादांत दोन्ही पक्षांचा बराचसा वेळ दुसऱ्याच्या ग्रंथाची फजिती करण्यात गेला. दुसऱ्याचा ग्रंथ खोटा ठरला तरी तेवढ्याने आपला खरा ठरत नाही, हे वर्गातल्या मुलासही समजते. म्हणून आज मी माझ्या बाजूच्या साक्षीदारांचीच उलटतपासणी करणार आहे.

साक्ष कशी तपासावी याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचा ध्यास घेतला. रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांपाशी बसून, आणि ज्यांनी स्वामींस पाहिले, ऐकले त्या स्त्रीपुरुषांस गाठून, त्यांनी एकेक लीळा मिळविली व पडताळून घेतली. त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी ज्याच्या त्याच्या स्मरणातून ती पुन्हा लिहून काढली. साहजिकच पाठभेद आले. परंतु महानुभावांची थोरवी अशी की, अमका असे सांगतो, तमका तसे सांगतो, हे भेद त्यांनी झाकून न ठेवता नोंदवून ठेवले. पाठभेद आहेत म्हणून चक्रधर झालेच नाहीत, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाही. उलट, खऱ्या माणसाच्या खऱ्या आठवणी अशाच असावयाच्या, असे आपण म्हणतो. मी शुभवर्तमानांसाठी अधिक काही मागत नाही. हाच न्याय मागतो.

प्रथम काळाचे पाहू. येशूचा वध इ. स. ३० किंवा ३३ च्या सुमाराचा. चार शुभवर्तमानांत मार्काचे सर्वांत जुने, असे बहुतेक पंडित मानतात, व ते साधारणपणे ७० च्या आसपास लिहिले गेले असे धरतात. पौलाने करिंथकरांस लिहिलेले ज्या पत्राचा उल्लेख मी वर केला ते याहूनही आधीचे, सुमारे इ. स. ५५ चे. पुनरुत्थित ख्रिस्त कोणाकोणाच्या दृष्टीस पडला याची यादीच त्यात आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ लोक अजून हयात आहेत असेही पौल म्हणतो. जणू, जा आणि विचारून घ्या! घटना व पत्र यांत सुमारे बावीस ते पंचवीस वर्षांचे अंतर. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, त्याला याहून जास्त वर्षे झाली. तो जिल्हा कसा झाला याविषयी उद्या कोणी मनाची कथा रचून छापली तर चहाच्या टपरीवर बसलेली दहा माणसे त्याचा हात धरतील. तोंडी गोष्टी वाढतात हे मला मान्य आहे. परंतु पाहणारे जिवंत असता त्यांच्याच गावात मूळ घटना नव्याने रचणे फार कठीण.

आता ग्रंथ आपल्या हाती जसाच्या तसा आला की नाही, हा दुसरा प्रश्न. ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत; त्यांतील बहुसंख्य मध्ययुगीन आहेत, हेही सांगितले पाहिजे. परंतु चौथ्या शतकातील मोठ्या पोथ्या आहेत, त्यापूर्वीची पपायरसाची पाने आहेत, आणि मँचेस्टरच्या ग्रंथालयात इजिप्तमधून आलेला तळहातावर मावेल एवढा एक तुकडा आहे. तो १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्यावर योहानाच्या अठराव्या अध्यायातील, पिलातासमोरच्या चौकशीच्या काही ओळी आहेत. तो दुसऱ्या शतकातील असल्याचे बहुतेक विद्वान मानतात.

इतक्या प्रती असल्यामुळे पाठभेदही हजारो आहेत. बहुतेक शुद्धलेखनाचे किंवा शब्द मागेपुढे झाल्याचे. काही मात्र गंभीर. मार्काच्या अखेरच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या पोथ्यांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हृदयंगम कथा योहानाच्या जुन्या प्रतींत आढळत नाही. हे आम्हांस कोणा विरोधकाने शोधून दिले नाही. ख्रिस्ती विद्वानांनीच पोथ्या जुळवून दाखविले, आणि आजच्या चांगल्या आवृत्त्यांत तशी टीप असते.

बाहेरची साक्षही थोडी आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. तरी तिबेरियाच्या राज्यात पिलाताने ख्रिस्तास मारविले एवढे तो लिहून जातो. यहूदी इतिहासकार जोसीफस येशूचा भाऊ याकोब याच्या वधाची हकीकत देतो. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरिया येथे सापडला. यावरून येशू देवपुत्र होता हे अर्थातच सिद्ध होत नाही. लिहिणाऱ्यांचे पाय जमिनीवर होते एवढे दिसते.

मला स्वतःला याहून अधिक पटलेला पुरावा अगदी साधा आहे, आणि तो कोणत्याही शाळामास्तराच्या लक्षात येईल असा आहे. आमच्या भागात एका वर्गात तीन पटले, चार बिसेन, दोन मेश्राम असावयाचेच. हजेरी घेताना मास्तरास आमगावचा बिसेन, धाकटा बिसेन असे काहीतरी जोडावे लागते. ज्याचे आडनाव एकट्याचेच आहे त्याला काही जोडावे लागत नाही. आता शुभवर्तमाने उघडा. शिमोन पेत्र, शिमोन कनानी, कुष्ठरोगी शिमोन, कुरेनेकर शिमोन. मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया, याकोबाची आई मरीया. फिलिप्प व बर्थलमय यांस मात्र बारा शिष्यांच्या यादीत काही विशेषण लागत नाही. ताल इलान या विदुषीने त्या काळच्या पॅलेस्टाइनमधील यहूद्यांची नावे थडग्यांवरून व कागदपत्रांतून गोळा करून २००२ साली कोश प्रसिद्ध केला. त्यात पुरुषांत शिमोन व योसेफ आणि स्त्रियांत मरीया हीच नावे सर्वांत अधिक आढळली. इजिप्तमधील यहूद्यांत नावांचे प्रमाण निराळे होते. पुढे २००६ साली रिचर्ड बॉकम यांनी या कोशाशी शुभवर्तमाने ताडून पाहिली आणि मेळ बसतो असे दाखविले. दूर रोमेत किंवा अलेक्झांड्रियेत बसून कथा रचणाऱ्यास गालीलातील हजेरीपट इतका बरोबर कोठून साधणार? आणि पाहा, कुरेनेकर शिमोनाविषयी मार्क सांगतो की तो आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप. ही मुले कथेत पुन्हा कोठेच येत नाहीत. त्याच्या वाचकांची त्या दोघांशी ओळख असल्यावाचून हे सांगण्याचे प्रयोजन काय?

आता विरोधकांचा आवडता आक्षेप : चौघांच्या हकीकती जुळत नाहीत. खरे आहे, जुळत नाहीत. कबरेपाशी एक तरुण दिसला की दोन पुरुष, कोणकोण स्त्रिया गेल्या होत्या, याविषयी फरक आहे; मग्दालीया मरीया मात्र चौघांतही आहे. मधल्या सुट्टीत मारामारी झाली आणि चार मुलांनी शब्दाशब्दाने एकच हकीकत सांगितली, तर मास्तर काय समजतो? कोणीतरी पढविले आहे, असे. गाभा एक आणि कडा वेगळ्या, अशी साक्ष आली म्हणजे तो कान देऊन ऐकतो.

शिवाय हे साक्षीदार स्वतःस सोयीचे असे थोडेच सांगतात. ज्या पेत्राला मंडळीने पुढारी मानले त्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा आपल्या गुरूला नाकारले. शिष्य मोठेपणासाठी भांडले, संकटसमयी पळाले. येशूच्या घरच्यांस त्याला वेड लागले असे वाटले. आणि रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनी. त्या काळी स्त्रियांची साक्ष ग्राह्य नव्हती असे जोसीफसच सांगतो. कथा रचावयाचीच होती तर कोणा प्रतिष्ठित पुरुषास तेथे उभे करणे अधिक सोपे नव्हते काय?

एक अडचण मी लपविणार नाही. येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला असे मत्तय सांगतो. लूक त्या वेळची नोंदणी क्विरीनियाच्या अमलाशी जोडतो. हेरोद इ. स. पूर्वी ४ मध्ये वारला असे सामान्यतः मानतात, आणि क्विरीनियाची ज्ञात नोंदणी इ. स. ६ मधील. हा मेळ घालण्याचे यत्न पुष्कळ झाले. मला त्यांतील एकही पुरते समाधानकारक वाटत नाही. परंतु एका तारखेचा घोळ सापडला म्हणून सारी बखर चुलीत घालण्याची चाल इतिहाससंशोधकांत नाही. मराठ्यांचा इतिहास अशाच बखरी तोलून, गाळून, ताडून लिहिला गेला.

श्रोतेहो, येथवर इतिहास आपल्याबरोबर चालतो. येशू झाला, शिकविता झाला, पिलाताने त्यास क्रुसावर दिले, आणि तो उठला आहे व आम्ही त्यास पाहिले आहे असे त्याचे भेदरलेले शिष्य लवकरच जिवावर उदार होऊन सांगू लागले. एवढे प्रामाणिक तपासाने हाती लागते. ते शिष्य खरोखर काय पाहून बदलले, याचे उत्तर कोणत्याही कोशात नाही, शिलालेखात नाही. देव इतिहासात हात घालीत नाही असे ज्याने आधीच ठरविले आहे, त्याला निराळे कारण शोधावे लागेल. आणि ते शोधण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मी त्या स्त्रियांच्या व त्या कोळ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. हा विश्वास तपासाच्या पुढचा आहे, परंतु तपासाच्या विरुद्ध नाही, एवढेच माझे म्हणणे.

वेळ संपत आली. ज्यांस स्वतः पाहावेसे वाटेल त्यांनी मार्कापासून आरंभ करावा. सोळाच अध्याय आहेत. सावकाश मोठ्याने वाचले तरी दोन तासांत संपतात. हाती शिसपेन्सिल असावी आणि जेथे शंका येईल तेथे समासात बेधडक खूण करावी. जुन्या पोथ्यांत हे शुभवर्तमान जेथे थांबते, त्या स्त्रिया भयाने थरथरत कबरेपासून पळाल्या व कोणाशी काही बोलल्या नाहीत, तेथे आपणही थोडे थांबावे; आणि मग लूकाचे हाती घ्यावे.